चित्रातलं शहर, कादंबरीतलं शहर: कसं पाहायचं, कसं वाचायचं

एखाद्या शहराचं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र पाहिलं की तोंडून सहज निघतं, "तेव्हा असं होतं तर!" जुन्या कादंबरीतली गल्ली वाचतानाही तेच होतं. अभ्यासाला बसताना मात्र हे वाक्य बाजूला ठेवावं लागतं. चित्रातलं आणि कादंबरीतलं शहर कुणीतरी, कुठूनतरी, कशासाठीतरी मांडलेलं असतं. म्हणून ते खोटं ठरतं असंही नाही. मांडणाऱ्याचा आग्रह जिथे दिसतो तिथे त्या समाजाची स्वतःबद्दलची समजूत सापडते, आणि जिथे त्याचं फारसं लक्ष नव्हतं अशा कोपऱ्यांत शहराचा खरा तपशील सापडतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घेणं, एवढंच हे काम आहे. ते कसं करायचं, ते एक नमुना हाताशी धरून पाहू.

पायरी १: जोडी निवडा

नुसतं एक चित्र किंवा नुसती एक कादंबरी घेतली की आपण तिच्याच डोळ्यांनी पाहायला लागतो. म्हणून एक चित्र आणि एक साहित्यकृती घ्या. शहर एकच असावं, काळ जवळपासचा असावा आणि शक्यतो दोघांनी शहराचे वेगवेगळे थर दाखवलेले असावेत. दोघांचं एकमत असेल तर विश्लेषणाला फारसं काही उरत नाही.

इथे नमुन्यासाठी पॅरिस घेऊ. ग्युस्ताव्ह कायबोतचं 'पॅरिसमधला रस्ता. पावसाळी दिवस' हे तैलचित्र १८७७ सालचं. त्याच वर्षी एमिल झोलाची 'लासोमवार' ही कादंबरी पुस्तकरूपाने बाहेर आली. वर्ष तेच आणि शहरही तेच, पण एकाच्या हातात छत्री आहे आणि दुसऱ्याच्या कादंबरीत धुण्याची पाटी.

सुरुवातीलाच एक नोंद करून ठेवा: कलाकृती कधी झाली आणि ती कोणता काळ दाखवते, ही दोन वेगळी उत्तरं असतात. कायबोत स्वतःच्या काळातला रस्ता रंगवतो. झोलाची कादंबरी १८७७ ची असली तरी तिची गोष्ट १८५० आणि १८६० च्या दशकांत घडते, म्हणजे नेमकी त्या वर्षांत जेव्हा ओस्मान नावाचा प्रशासक जुनं पॅरिस पाडून रुंद, सरळ रस्ते काढत होता. हे काम १८५३ पासून सुरू झालं. कायबोतच्या चित्रात त्या खटाटोपाचा तयार माल दिसतो. झोलाकडे अजून धूळ उडते आहे.

पायरी २: चित्र आधी मोजा, अर्थ नंतर लावा

ही पायरी सगळ्यांत जास्त टाळली जाते, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवू. चित्राखालची माहिती न वाचता पंधरा मिनिटं नुसतं चित्र बघा आणि दिसेल ते कागदावर उतरवा. विशेषणं लिहायची नाहीत. 'उदास', 'गजबजलेलं', 'श्रीमंत' हे शब्द नंतरचे. आधी वस्तू, माणसं, त्यांच्या जागा आणि त्यांच्यातली अंतरं.

प्रत चांगली हवी. पुस्तकांतल्या छापील प्रती पुष्कळदा कडा कापून छापतात, आणि शहराच्या चित्रात कडेलाच बरंच काही चाललेलं असतं. कायबोतचं हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात पाहता येतं. आकारही टिपून ठेवा: सुमारे २१२ बाय २७६ सेंटिमीटर. म्हणजे पुढच्या भागातली माणसं जवळजवळ माणसाएवढी. पडद्यावर तळहाताएवढं चित्र पाहून 'रस्त्यातून चालल्यासारखं वाटतं' हे कळणार नाही.

आता यादी. मधोमध दिव्याचा हिरवट खांब, चित्राचे सरळ दोन भाग करणारा. उजवीकडे एक स्त्री आणि एक पुरुष एकाच छत्रीखाली, आपल्याच दिशेने येताहेत, पण नजर आपल्याकडे नाही. दोघंही एकाच बाजूला, चौकटीबाहेर कुठेतरी पाहताहेत. अगदी उजव्या कडेला एक पाठमोरा माणूस, अर्धा कापलेला. त्याची छत्री आणि जोडप्याची छत्री आता आपटणार. डावीकडे मोठा मोकळा चौक, दगडी फरसबंदी, ओली, चमकणारी. पावसाचा एकही थेंब रंगवलेला नाही, पाऊस आहे तो छत्र्यांत आणि दगडांवरच्या चकाकीत. दूरवर सुटी सुटी माणसं, छत्र्या एकाच रंगाच्या, एकाच घाटाच्या. मागे एकाच उंचीच्या इमारती, पाचरीसारख्या टोकदार कोपऱ्यांच्या. आणि मागच्या बाजूला, सहज निसटून जाईल असा, शिडी घेऊन चाललेला एक रंगारी.

या यादीतून आपोआप प्रश्न निघतात. चौक इतका मोकळा का? माणसं एवढी अंतर राखून का? पुढची माणसं सजलेली आणि काम करणारा माणूस बोटाएवढा का? असे दोन-तीन प्रश्न हाती लागले की पुढे जा.

यथादर्शनाकडेही, म्हणजे जवळ-दूर दाखवण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्या. रस्ते एका बिंदूकडे धावत जातात की अनेक दिशांना फुटतात? कायबोतच्या चौकात ते फुटतात, त्यामुळे नजर एका जागी ठरत नाही. याउलट एखाद्या राजवाड्याकडे सगळ्या रेषा धावत असतील, तर शहराचा धनी कोण हे चित्रकाराने तिथेच सांगून टाकलेलं असतं.

पायरी ३: कादंबरीचा नकाशा काढा

साहित्यात मोजायचं काय? जागा आणि हालचाल. हातात पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक पात्र कुठे राहतं, कितव्या मजल्यावर, कामाला कुठे जातं, कुणाच्या घरी कुठल्या दारानं शिरतं, हे खुणा करत जा. शेवटी एका कागदावर ओबडधोबड नकाशा काढा. झोलाने स्वतः कादंबरी लिहिण्याआधी वस्तीत फिरून टिपणं घेतली होती आणि रस्त्यांचे आराखडे काढले होते. म्हणजे या कादंबरीपुरता तरी हा खटाटोप लेखकाच्याच पद्धतीला धरून आहे.

पहिलं प्रकरण दोन-तीनदा वाचा. शहरी कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात लेखक शहराची सीमा आखून देतो. 'लासोमवार'मध्ये जेर्व्हेझ ही धुणी धुणारी तरुणी एका गरीब लॉजच्या खिडकीत रात्रभर जागून आपल्या जोडीदाराची वाट पाहते आहे. तिची नजर एका बाजूला गेली की कत्तलखाना दिसतो, दुसऱ्या बाजूला गेली की बांधकाम चालू असलेलं इस्पितळ. समोर जकातीची भिंत, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर कर वसूल करण्यासाठी बांधलेली. सकाळ होते तसा नाक्यातून कामगारांचा लोंढा शहरात शिरतो: निळ्या जाकिटांवरून कुलुपं करणारे ओळखू येतात, पांढऱ्या कपड्यांवरून गवंडी, कोटाखाली लोंबणाऱ्या झग्यावरून रंगारी. त्यांच्यानंतर कामकरी बायका, मग कारकून.

यातून काय घ्यायचं? बाईच्या साऱ्या आयुष्याची हद्द लेखकाने कत्तलखाना आणि इस्पितळ यांच्यामध्ये आखून टाकली, हे एक. शहर सकाळी कुठल्या क्रमाने जागं होतं त्याचं वेळापत्रक मिळालं, हे दुसरं. आणि तिसरं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: कायबोतच्या चित्रात मागे शिडी घेऊन चाललेला रंगारी सकाळी कुठून येतो, ते इथे दिसतं.

पायरी ४: कोण उभं आहे, पैसे कोणी दिले

चित्र आणि कादंबरी, दोघांनाही हेच चार प्रश्न विचारा. पाहणारा कुठे उभा आहे: रस्त्यावर, खिडकीत, गच्चीवर? तो त्या वस्तीतला आहे का? पोट कशावर भरतं? हे काम कुणासाठी, कुठे दाखवण्यासाठी केलं?

कायबोत सधन घरातला. चित्रं विकण्याची त्याला गरज नव्हती. हे चित्र १८७७ च्या इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनात लागलं. झोला वर्तमानपत्री लिखाणावर जगलेला, आणि 'लासोमवार' आधी हप्त्याहप्त्याने छापली गेली. हप्त्यांचं लिखाण असलं की प्रकरणांच्या शेवटी ताण का येतो, मारामाऱ्या आणि मेजवान्या एवढ्या सविस्तर का, याचा काही अंशी उलगडा होतो.

आता जरा खोलात. कामगारांच्या बोलीमुळे ही कादंबरी गाजली आणि शिव्याही खाल्ल्या. अश्लील म्हणून एका बाजूने, कामगारांची बदनामी म्हणून दुसऱ्या बाजूने. ती बोली झोलाने कानांनी ऐकून घेतली असेल असं आपण धरून चालतो. पण कामगारांच्या सवयी आणि भाषा यांसाठी त्याने दनी पुलो याच्या १८७० सालच्या पुस्तकाचा बराच आधार घेतला होता, आणि पुलो हा कारखानदार होता. म्हणजे कामगार वस्तीचं हे चित्र काही अंशी मालकाच्या चष्म्यातून आलेलं आहे. एवढी एक गोष्ट कळली की दारूबद्दलची, आळसाबद्दलची पानं वेगळी वाचली जातात. लेखकाने माहिती कुठून आणली हे शोधा, असं मी म्हणतो ते यासाठी.

पैसे देणाऱ्याचा हात सगळ्यांत उघड दिसतो तो इटलीतल्या सिएना शहरामध्ये. तिथल्या नगरभवनात, जिथे नऊ जणांचं सत्ताधारी मंडळ बसत असे त्या दालनात, अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये भिंतीच भरून काढल्या. एका भिंतीवर चांगल्या कारभाराचं शहर: छपरावर गवंडी काम करताहेत, दुकानात जोडे विकले जाताहेत, गुरुजी विद्यार्थ्यांना शिकवताहेत, माल लादलेली जनावरं चालली आहेत, रस्त्यात नाच चालला आहे. समोर वाईट कारभाराचं शहर: घरं ढासळलेली, आणि उद्योगधंद्यांपैकी चालू आहे तो एकटा शस्त्रकाराचा. सुरेख, असं म्हणून पुढे जाऊ नका. चांगल्या शहराच्या वेशीबाहेर, शेतांवर, 'सुरक्षितता' नावाची पंखवाली स्त्री तरंगते आहे आणि तिच्या हातात फाशीचा खांब आहे, त्यावर लटकलेला माणूस आहे. हे चित्र ज्यांनी करवून घेतलं त्यांच्या डोळ्यांसमोर ते रोज होतं. सिएना तेव्हा खरंच असं सुखी होतं का, याचं उत्तर या भिंतीवरून मिळणार नाही. कारभार करणाऱ्यांना सुख कशाला म्हणावंसं वाटत होतं आणि ते टिकवायला काय लागतं असं वाटत होतं, ते मात्र अगदी स्वच्छ मिळतं.

पायरी ५: आग्रह वेगळा काढा, तपशील वेगळा

कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे कलाकाराने मुद्दाम ठासून सांगितलेलं, उजवीकडे जाता जाता आलेलं.

हे कसं उपयोगी पडतं याचं उत्तम उदाहरण व्हेनिसचं आहे. अठराव्या शतकातला कानालेत्तो व्हेनिसची देखणी दृश्यं रंगवून श्रीमंत प्रवाशांना विकायचा, आणि दृश्य नीट बसावं म्हणून कोन बदलायचा, इमारती सरकवायचा. नगररचनेचा पुरावा म्हणून त्याच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पण कालव्याकाठच्या भिंतींवर शेवाळाची हिरवी रेघ कुठपर्यंत येते, ती त्याने इमानेइतबारे रंगवली. तिच्यात ना त्याचा फायदा, ना गिऱ्हाइकाचा. आजची रेघ आणि चित्रातली रेघ यांतलं अंतर मोजून, त्याच्या काळापासून व्हेनिस पाण्याच्या तुलनेत सुमारे साठ सेंटिमीटर खाली गेलं, असा हिशेब संशोधकांनी मांडला. त्याच कॅनव्हासवरची एक गोष्ट अविश्वसनीय आणि दुसरी मापाला उतरणारी.

कधी कधी दोन्ही रकाने एकाच तपशिलात भेटतात. विल्यम होगार्थने १७५१ मध्ये लंडनची दोन कोरीव मुद्राचित्रं जोडीने काढली: एकात जिन पिऊन उद्ध्वस्त झालेली गल्ली, दुसऱ्यात बिअर पिऊन खुशाल असलेला रस्ता. जिनवर निर्बंध आणणाऱ्या कायद्याच्या बाजूचा हा उघड प्रचार. पहिल्या चित्रात बाईच्या हातून मूल सुटून पडताना दिसतं आणि सगळ्यांची नजर तिथेच खिळते. तुम्ही मात्र दोन्ही चित्रांतला गहाणवटीचा धंदा शोधा. जिनच्या गल्लीत तो तेजीत आहे, बिअरच्या रस्त्यात त्याचं घर मोडकळीला आलं आहे. बाईचं दृश्य भीती घालतं. गहाणवटीचं दुकान मात्र दारूचा पैसा गल्लीतून कुठल्या वाटेने वाहतो ते दाखवतं. निबंधात मी दुसऱ्यावर जास्त लिहीन.

पायरी ६: कोण नाही ते पाहा

चित्रात बायका आहेत का? असल्या तर एकट्या की कुणाबरोबर? मुलं, म्हातारी माणसं, भिकारी, झाडूवाले? कादंबरीत घरकाम करणाऱ्यांना नाव आहे की नुसतं 'मोलकरीण'? बोलायला कुणाला मिळतं, आणि कुणाबद्दल नुसतंच बोललं जातं?

इथे घाई नको. चौकटीत एखादा वर्ग नाही म्हणजे कलाकाराला त्याचा तिरस्कार होता, हा निष्कर्ष फार स्वस्त आहे. आधी खात्री करा की ती माणसं त्या जागी, त्या वेळी खरोखर असायची. त्यासाठी तिसरा, कोरडा साक्षीदार लागतो: जुना नकाशा, जनगणना, करांच्या नोंदवह्या, छायाचित्रं. हे साहित्य शेवटी उघडा. आधी उघडलं की चित्र पाहायचं सोडून आपण चित्राच्या चुका काढत बसतो.

वस्तीतल्या माणसाने स्वतः लिहायला घेतलं की काय बदलतं तेही ताडून पाहा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ मध्ये आला तेव्हा मुंबईतल्या ज्या वस्तीबद्दल बाहेरचे लोक दबक्या आवाजात बोलायचे, तिथूनच कुणीतरी बोलत होतं, आणि भाषा सोपी करून देण्याची तसदी न घेता. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. आतला आवाज आणि बाहेरच्या वाचकासाठी उघडलेलं दार, दोन्ही एकाच पुस्तकात असल्याने या पायरीच्या सरावाला ते फार उपयोगी आहे.

पायरी ७: वेळ आणि हवा

हे थोडक्यात. एकच रस्ता वेळेप्रमाणे वेगळ्या समाजाचा असतो. रशियन लेखक गोगोलने १८३५ च्या 'नेव्हस्की प्रॉस्पेक्ट' या कथेत सेंट पीटर्सबर्गचा मुख्य रस्ता तासातासाने वर्णन केला आहे: पहाटे भिकारी आणि कामकरी, दुपारी शिक्षकांबरोबर मुलं, मग नटूनथटून मिरवणारे, मग सरकारी नोकर, आणि दिवे लागल्यावर वेगळंच जग. तुमच्या चित्रात किती वाजलेत हे सावल्यांवरून ठरवा, आणि मग विचारा की हीच वेळ का निवडली.

पायरी ८: दोघांना समोरासमोर आणा

आता तीन याद्या करा: कुठे जुळतं, कुठे भांडण आहे, कुठे एक बोलतो आणि दुसरा गप्प. पहिली यादी बहुधा कंटाळवाणी होते. मजा तिसरीत असते.

आपल्या जोडीत उंची पाहा. कायबोतच्या इमारती सरळ, स्वच्छ, आणि डोळे रस्त्याच्या पातळीवर. छपरांकडे आपण फक्त खालून पाहतो. झोलाच्या कादंबरीत जेर्व्हेझचा नवरा कूपो त्याच शहराच्या छपरांवर जस्ताचे पत्रे बसवतो. एक दिवस खालून मुलगी हाक मारते, तो वळतो आणि पडतो. कुटुंबाची घसरण तिथून सुरू होते. चित्रात जे नुसतं आकाशरेषेचं टोक आहे, ते कादंबरीत कुणाच्या तरी कामाची जागा आहे.

दुसरी गोष्ट मोकळ्या जागेची. चित्रातला चौक चालणाऱ्यासाठी आहे: फरसबंदी, दिवा, अंतर राखून जाण्याची सोय. कादंबरीच्या शेवटाकडे जेर्व्हेझ उपाशीपोटी याच धर्तीच्या नव्या रुंद रस्त्यांवरून हिंडते. जकातीची भिंत गेलेली आहे, पहिल्या प्रकरणातला कत्तलखाना पाडताहेत. वस्ती सजत चालली आहे आणि आपण मात्र मोडत चाललो, याचा तिला त्रास होतो, हे झोला स्पष्ट लिहितो. ज्या मोकळेपणात कायबोतचं जोडपं डौलात चालतं, त्यातच जेर्व्हेझला लपायला आडोसा उरलेला नाही. मात्र कायबोतलाही एकदम श्रीमंतांचा भाट ठरवू नका. त्याच्या माणसांच्या चेहऱ्यांवर नव्या शहराचा उत्सव कुठे दिसतो? कुणी कुणाकडे पाहतही नाही. एकटेपणाबद्दल दोघांचं काहीसं जुळतं, फक्त एकाकडे त्याच्यावर धरायला छत्री आहे.

पायरी ९: लिहिताना

'या चित्रातून तत्कालीन समाजजीवनाचं दर्शन घडतं' हे वाक्य कुठल्याही चित्राला चिकटवता येतं, म्हणून ते खोडा. प्रत्येक विधानाला जागा द्या: चित्रात कुठे, कादंबरीच्या कुठल्या प्रसंगात. मत मांडलंत तर त्याच परिच्छेदात त्याच्या विरुद्ध जाणारा एक तपशील ठेवा. आधी तपशील, मग त्याचा अर्थ, मग शंका, हा क्रम बहुतेक वेळा चालून जातो. उदाहरणार्थ असं:

"कायबोतच्या चित्रात काम करणारा माणूस मागे, शिडीखाली, जेमतेम दिसेल एवढा आहे. झोलाच्या पहिल्या प्रकरणात तेच लोक नाक्यातून लोंढ्याने येतात आणि कपड्यांवरून त्यांचे धंदे ओळखू येतात. नवं पॅरिस वापरणारे आणि ते रंगवणारे, बांधणारे हात वेगवेगळ्या वस्त्यांत राहत होते, हे दोन्ही कृती एकत्र ठेवल्यावर दिसतं. मात्र झोलाच्या कामगारांची बोली आणि सवयी काही अंशी एका कारखानदाराच्या पुस्तकातून आल्या आहेत, त्यामुळे हे कामगारांचं स्वतःचं निवेदन मानता येत नाही."

असे चार-पाच परिच्छेद झाले की निबंध उभा राहतो. शीर्षक सगळ्यांत शेवटी द्या, आणि त्यात शहराचं नाव आणि साल टाका.